अवसेची यादी

सांगलीच्या विश्रामबागेत राहणारी आणि हळदीच्या पाकिटांवरची चित्रं काढणारी कीर्ती दरवर्षी पावसाळ्यात त्रेचाळीस माणसांना घाबरवायची. ही गोष्ट तिच्या शेजारणीलासुद्धा ठाऊक नव्हती.

त्याचं असं व्हायचं. आषाढ लागला की कीर्ती एक यादी करायला घ्यायची. यंदा भीतीचं काय वाचावं, काय बघावं, कुठं जाऊन काय न्याहाळावं, याची यादी. सर्वपित्री अमावास्येला ती मोबाईलवरून सगळ्यांना पोचायची, म्हणून तिचं नाव अवसेची यादी. घेणारे सगळे काही ना काही घडवणारे लोक होते. मिरजेत सतारी बनवणारा एक जण, दोन मूर्तिकार, चार-पाच नाटकवाले, गणपतीचे देखावे उभे करणारी पोरं, आणि लग्नाचे फोटो काढून वैतागलेला एक फोटोग्राफर. नुसतं नाव देऊन कीर्ती थांबायची नाही. कुणी काय बघायचं तेही ती सांगायची. ‘हा जपानी सिनेमा आवाज बंद करून बघा, आणि चित्रकारांनी फक्त दारं बघा.’ ‘जुन्या दिवाळी अंकातली ही गोष्ट, शेवटचं पान फाटलेलं आहे, तसंच वाचा.’ ‘तासगावच्या वाटेवर एक वीरगळ आहे. मूर्तिकारांनी दुपारी चारला जावं. ऊन तिरकं पडलं की दगडातला माणूस मान वळवतो.’

तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. माहेर मिरजेच्या पूर्वेला, द्राक्षाच्या बागेतलं. चित्रकलेची पदविका घेतली आणि त्याच वर्षी हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात आली. नवरा भरतेश मनानं सरळ. त्यानं तिला टेबल घेऊन दिलं, कॉम्प्युटर दिला, आणि दुकानाच्या पाकिटांचं काम दिलं. लाल कुयरी, पिवळा सूर्य, खाली ‘शुद्ध सांगली हळद’. सहा वर्षांत कुयरीचं तोंड एकदा उजवीकडून डावीकडे फिरलं, तेवढाच काय तो बदल. बाकी जे काही तिच्या हातात उरायचं, ते सगळं त्या यादीत जायचं.

आणि यंदा ती यादी बंद पडली.

नणंद त्रिशलाला बघायला इचलकरंजीचे पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा आला, मुलाच्या आईला हात धुवायचे होते. बेसिनकडं जाताना कीर्तीच्या खोलीचं दार उघडं होतं. समोरच्या भिंतीवर कोळशानं काढलेलं चित्र टांगलेलं. विहिरीच्या पायरीवर पाठमोरी बसलेली बाई, मोकळे केस पायरीवरून पाण्यात उतरलेले. मुलाच्या आईंनी हात धुतले नाहीत. परत येऊन अर्धा कप चहा तसाच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी चांगली आहे, पण ज्या घरात भिंतीला असलं काही टांगतात, तिथं सोयरीक नको.

“चित्राला भेणाऱ्या घरात मी तरी कशाला जाऊ?” त्रिशला म्हणाली.

“तू गप बस,” आक्काताई म्हणाल्या.

आक्काताई म्हणजे कीर्तीच्या सासूबाई. सगळं घर त्यांना आक्का म्हणायचं. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काडी, आवाज मात्र बाजारात माल पुकारावा तसा. त्या सुनेला बोलल्या नाहीत, चित्रही उतरवायला लावलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी जे केलं, ते त्यांच्या घरात आणि त्यांच्या समाजातच होऊ शकतं.

चातुर्मासासाठी महाराज बस्तीत उतरले होते. बस्ती म्हणजे त्यांचं जैन देऊळ. रविवारच्या प्रवचनानंतर लोक उठून नियम घेत. चार महिने अमुक सोडलं, असं भर सभेत सांगायचं आणि महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद द्यायचा. कुणी बटाटा सोडला. कुणी हॉटेल सोडलं. एका दुकानदारानं राग सोडला, तेव्हा त्याच्या बायकोसकट सगळे हसले. मग आक्का उठल्या.

“माज्या सुनेचा नियम हाय, महाराज,” त्या हात जोडून म्हणाल्या. “भुताखेताचं वाचणार न्हाई, बघणार न्हाई, काढणार न्हाई. दिवाळीपर्यंत.”

महाराजांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. “नियम ज्याचा त्यानं घ्यावा. सूनबाई, मान्य आहे का?”

दोनशे माथी मागं वळली. पुरुषांच्या बाजूला भरतेश होता, त्यानं खाली सतरंजीकडं पाहिलं. कीर्तीला वाटलं, नाही म्हणायला एक शब्द लागतो, तो कुठं ठेवलाय तेच सापडत नाहीये. तिनं हात जोडले. पिंछी वर गेली.

घरी येताना रिक्षात आक्का एवढंच म्हणाल्या, “मोडलास तर उपास मी करणार. आणि मला साखर हाय, ध्यानात ठेव.”

कीर्तीला कुणी कोंडलं नव्हतं. दार उघडं, फोन हातात, गाडीची किल्ली खुंटीला. पण तेव्हापासून तिला आपण बरणीत आहोत असं वाटायला लागलं. सगळं दिसतंय, हात मात्र काचेला लागतोय. एखादं जुनं मासिक समोर आलं की ती नुसतं मुखपृष्ठ बघून बाजूला ठेवायची, आणि आक्कांचा उपाशी, घामेजलेला चेहरा डोळ्यांपुढं यायचा. भिंतीवरचं चित्र तिनंच उतरवून कपाटामागं उलटं लावलं. रात्री कूस बदलताना ती बाई आता भिंतीकडं तोंड करून बसली असेल, असं मनात यायचं.

खरी अडचण पुढंच होती. औंधला जयराज गुरव नावाचे निवृत्त कलाशिक्षक होते, यादीतल्या त्रेचाळिसांपैकी सगळ्यात जुने. ते दरवर्षी पितृपक्षातल्या एका रविवारी कलाकारांचा मेळा भरवत. यंदा त्यांनी कीर्तीला बोलावलं होतं. ‘या ऋतूत काय वाचावं, काय बघावं’ यावर चाळीस मिनिटं. ती आषाढातच हो म्हणाली होती. कार्डावर नाव छापून आलं होतं. पाकिटं सोडून दुसरीकडं कुठं तिचं काही छापून येण्याची ही पहिलीच वेळ, आणि पाकिटांवर तर तिचं नावही नसायचं.

“नाही म्हणून कळवते,” ती भरतेशला म्हणाली.

भरतेशच्या मनात त्या दिवशीची सतरंजी सलत असावी. तो जेवता जेवता आईला म्हणाला, “आक्का, तू वाचायचं नाही, बघायचं नाही, काढायचं नाही म्हणालीस. सांगायचं नाही असं कुठं म्हणालीस?”

आक्कांनी भाकरीचा तुकडा हातात धरून विचार केला. नियमाच्या बाबतीत त्या पक्क्या होत्या, त्यात एक शब्द कमी नाही आणि एक जास्तही नाही. “सांगू दे,” त्या शेवटी म्हणाल्या. “पर मी संगट येणार.”

“तुम्ही कशाला, आक्का?” कीर्तीनं विचारलं.

“तितं ही काय काय बघतीया ते बघायला.”

आता सांगायचं काय? जुन्या याद्या सगळ्यांकडं होत्याच. नवीन काही वाचायची सोय नाही. कीर्ती श्रावणभर घरातच भीती शोधत फिरली. गिरणीतून आलेल्या हळदीच्या पोत्यावर हात टेकला की पिवळा पंजा उठतो. तो बरा वाटला. पण पंजा म्हणजे पंजाच. मग तिला पेव आठवलं.

सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत हळद साठवायची पेवं आहेत. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत रांजणासारखं पोट, दोन-तीन पुरुष खोल. बंद पेवात हवा कोंदते, म्हणून माणूस उतरायच्या आधी दिवा सोडतात. दिवा विझला की कुणी उतरत नाही. पुरांनी बरीच पेवं गेली, पण कीर्तीच्या सासऱ्यांच्या माहितीतलं एक अजून उघडं होतं. आक्कांचं तर माहेरच हरिपूर.

“आक्का, आवं, पेवाबद्दल सांगा की कायतरी,” कीर्ती एकदा पापड लाटताना म्हणाली.

“खड्डा असतो. हळद असती. दुसरं काय?”

“तुम्ही लहानपणी बघितलं असंल की.”

आक्कांचं लाटणं थांबलं. “तितं काय न्हाई म्हणून सांगितलं न्हवं?” आणि अर्धा पापड तसाच टाकून त्या उठून गेल्या. सहा वर्षांत कीर्तीनं त्यांना अन्नावरून असं उठताना पाहिलं नव्हतं. तेव्हा तिला आणखी एक गोष्ट लक्षात आली. माहेरी गेल्यावरसुद्धा आक्का नदीकडच्या आळीनं कधी जात नसत. लांबचा वळसा घालत.

ती भरतेशबरोबर जाऊन ते पेव बघून आली. वाकून टॉर्च मारला. तळाला पुराचा वाळलेला गाळ, एक चप्पल, पाण्याच्या दोन बाटल्या. तिनं माप घेतलं, वास घेतला, वहीत लिहिलं. घाबरण्यासारखं काही सापडलं नाही. पण हातात दुसरं काही नव्हतं.

औंधच्या शाळेचा हॉल भरला होता. यमाईच्या डोंगराला आक्कांनी खिडकीतूनच हात जोडले आणि मागच्या रांगेत भिंतीकडची खुर्ची धरली. मांडीवर डबा, डब्यावर हात. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचं होतं. मधल्या भिंतीवर कुणीतरी मुखवटे टांगले होते, त्याकडं कीर्ती पाहते का, यावर त्यांची नजर होती. कीर्ती पूर्ण वेळ समोरच्या घड्याळाकडं बघून बोलली.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. काय झाकायचं ते कळलं की भीती जमते, हे तिनं जुन्या यादीतले दाखले देऊन सांगितलं. लोक मान हलवत होते. मग ती पेवाकडं वळली. तोंडाची रुंदी सांगितली, खोली सांगितली, दिवा सोडायची रीत सांगितली. बोलता बोलता तिलाच कळलं की आपण एखाद्या टाकीचं माप वाचून दाखवतोय. दुसऱ्या रांगेतला सतारवाला जांभई दाबत होता.

यशराज नावाचा एक पोरगेला माहितीपट करणारा उठला. “मॅडम, वरून काय दिसतं ते कळलं. पण आत बसलं तर? वर बघितलं तर काय दिसतं?”

अडीच महिन्यांची बरणी पुन्हा कीर्तीभोवती आली. हा एक प्रश्न, आणि आपण इथवर येऊन काहीच न बघता उभ्या आहोत. ती म्हणाली, “मला माहीत नाही.”

मागच्या रांगेत डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“ताटाएवढं आभाळ दिसतं,” आक्का म्हणाल्या.

सगळे वळले. आक्का डब्याकडंच बघत होत्या.

“मी नऊ वर्साची हुते. लपाछपी खेळत हुतो. पेव रिकामं, चार दिस उघडं टाकलेलं. गाठीचा दोर लोंबत हुता, त्येला धरून उतरले. गड्याला काय ठावं? त्यो दोर वडून घिऊन घरला गेला जेवायला.” त्यांनी चपातीचा घास मोडला, पण तोंडात घातला नाही. “हाका मारल्या. आवाज वर जात न्हाई बाबा. घागरीत बोलल्यागत फिरून आपल्याच कानात येतो. मग गप बसले. वर आभाळ. आदी चुन्यागत पांढरं. मग हळदीगत.”

“भीती वाटली असेल,” कुणीतरी म्हणालं.

“न्हाई. तेच तर.” आक्का पहिल्यांदा वर बघून बोलल्या. “आई हुडकत आली. अगदी वरनं गेली. आक्का गं, आक्का गं. म्या आयकलं. ओ दिली न्हाई. घरात आठ माणसांची भांडी माज्याकडं. आत कुणी काय सांगत न्हवतं. मला वाटलं, हितंच ऱ्हावं.”

जयराजसर हळूच खुर्चीवर टेकले.

“सांजच्याला गडी आला. दुसऱ्या दिशी हळद भरायची, म्हणून रीतीपरमानं दिवा सोडला. दिवा हालत हालत खाली आला. आन् माज्या मागं भिंतीवर एक बाई उठली. ही एवढी. डुईवर छत लागलेलं. तवा मी किंचाळले.” त्यांनी डब्याचं झाकण बाजूला सारलं. “सावली हुती, मला कळतं की. पर मला वाटलं, ही दिसभर संगट बसली हुती. अंधार हुता म्हणून दिसली न्हाई एवढंच.”

सतारवाल्याची जांभई कुठल्या कुठं गेली होती. कीर्तीनं घड्याळाकडं बघायचं सोडून दिलं होतं.

“मग?” यशराजनं विचारलं.

“मग काय? वर काडलं, आईनं दोन दिल्या. आन् तशीच बस्तीत न्हिऊन नियम घ्यायला लावला. जलमभर ह्ये बोलायचं न्हाई. पेवात घावलेली पोरगी, बाधा झाली म्हणतील, कोण करून घील?” आता त्यांनी घास तोंडात घातला. “त्रेसष्ट वर्सं पाळला. आत्ता मोडला.”

यशराजच्या हातात फोन होता. तो खाली घेत म्हणाला, “आज्जी, हे मी रेकॉर्ड केलंय. पुसून टाकू का?”

“ऱ्हाऊ दे. माजं लगीन झालं की आता. मोडायचं काय ऱ्हायलंय?”

हॉल एकदम हसला, आणि हसता हसता बऱ्याच जणांनी रुमाल काढले. आक्कांना त्यांचं काही कळलं नाही. त्या सूर्य बघत भराभर जेवत होत्या.

परतताना गाडी विट्याच्या पुढं आली. मग कीर्तीनं विचारलं, “आक्का, मला भर सभेत नियम का घातला?”

“त्रिशलीसाठी घातला. आन् तुज्यासाठी. लोक काय बोलतात, मला म्हाईत हाय.” मोकळा डबा पायाशी ठेवत त्या म्हणाल्या, “मला दुसरं काय करायचं येतच न्हाई, पोरी. माज्या आईनं हेच शिकवलं.”

सोमवारी आक्का बस्तीत जाऊन आल्या. मोडलेल्या नियमाचं प्रायश्चित्त म्हणून महाराजांनी साखरेचा आजार बघून फक्त एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. तेवढ्यानं आक्कांचं समाधान झालं नाही, पण महाराजांपुढं वाद घालता येईना. दुपारी कीर्तीही जेवली नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोघी स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिल्या. बाहेर आळीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

“दिवाळीला किती ऱ्हायलं?” आक्कांनी विचारलं.

“अजून महिना आणि वर चार दिवस.”

“माजा मोडला म्हणून तुजा सुटत न्हाई.”

“माहीत आहे.”

“आन् ती तुजी यादी?”

“शुक्रवारी अवस. यंदा नाही जाणार.” कीर्तीनं आवाज सपाट ठेवायचा प्रयत्न केला. “पेवाचं चित्र काढून पाठवलं असतं. पण काढायचं नाही.”

आक्का मांडणीकडं बघत होत्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि स्टीलचं ताट खाली काढलं. “कोळसा दे तुजा. आन् कागूद. मोठा.”

“आक्का, आवं...”

“तू काडायचं न्हाईस. मी काडते. मी कुटं नियम घेतलाय?”

फरशीवर कागद पसरला. आक्कांनी मधोमध ताट पालथं घातलं आणि त्याच्या कडेनं कोळसा फिरवला. ताट जरासं सरकलं, गोल एके ठिकाणी बाहेर गेला. ताट उचललं. मग त्या गोलाच्या बाहेरचं सगळं काळं करायला लागल्या. शाळेतलं पोर रंगवतं तसं, जोर लावून, जीभ दातांत धरून. कोळसा तुटला की कीर्ती दुसरा पुढं करायची. कोपरापर्यंत हात काळे झाले. दीड तास गेला. साखरेचं बघून कीर्तीनं मध्ये एकदा ताक दिलं, ते त्यांनी वेळ झाल्यावर घेईन म्हणून सारून ठेवलं.

कीर्ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. चित्र बघायचं नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. मागून कागदावर कोळसा घासल्याचा आवाज येत होता.

“हिकडं बघ.”

“नियम आहे, आक्का.”

“अगं, बघ म्हणते. ह्यात भूत कुटं हाय?”

कीर्ती वळली. मोठा काळा कागद आणि मध्ये ताटाएवढी पांढरी जागा, एका बाजूला जराशी बाहेर आलेली. आत काही काढलेलं नव्हतं.

“आभाळ हाय ते,” आक्का म्हणाल्या, आणि काळ्या बोटांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या पदरावर पाच बोटं उठली.

कीर्तीनं फोनवर फोटो काढला. यादीच्या जागी तो घातला आणि खाली लिहिलं, ‘यंदा एवढंच. चित्रकारांनी काळ्याकडं बघा. बाकीच्यांनी पांढऱ्याकडं. चित्र, आक्काताई, हरिपूर.’ शुक्रवारची वाट बघायला हवी होती. पण तिनं तेव्हाच तो त्रेचाळीस जणांना पाठवून दिला.